वार्निशचा वास

"आधी चष्मा काढा बघू," ताई म्हणाली.

समोर बसलेल्या समुपदेशक बाई थबकल्या. मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे बोलायचं का, असं त्यांनी नुकतंच विचारलं होतं. या प्रश्नाला लोक रडतात, गप्प बसतात, कधी उठूनही जातात. पण चष्मा काढायला सांगणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

"चष्मा?"

"सारखा घसरतोय तो. दर वाक्याला एकदा वर ढकलताय तुम्ही. माझं सगळं लक्ष तिकडेच जातं आणि बोलायचं राहून जातं. द्या इकडे."

बाईंनी निमूट चष्मा काढून दिला. ताईने दोन्ही काड्या उघडून तो उजेडात धरला. टेबलावरच्या फ्लास्कमधलं गरम पाणी कपात ओतलं, डाव्या काडीचं टोक त्यात बुडवलं, आणि ते मऊ झाल्यावर अंगठ्याने जेमतेम वाकवलं. मग रुमालाने पुसून तिने चष्मा स्वतःच्या हाताने बाईंच्या डोळ्यांवर चढवला, कानांमागे बोटं फिरवून पाहिली आणि मान खाली घालायला सांगितली. चष्मा जागचा हलला नाही.

"आता विचारा काय ते," खुर्चीत बसत ती म्हणाली.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानात बापाच्या जागी मुलगा मालक झाला, पाटी बदलली, काचांच्या जागी प्लास्टिक आलं. ताई मात्र तीच राहिली. फ्रेम माणसाच्या चेहऱ्यावर नीट बसवून देणं हे तिचं काम. ती नाव विसरेल, पण कुणाचा कोणता कान वर आहे हे विसरायची नाही. "देवाने दोन्ही कान एका ओळीत कुणालाच दिलेले नाहीत," असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे, आणि ते ऐकून अवघडलेला माणूस सैल होई. दिवसभर परक्यांच्या गालांना, कपाळाला, कानांना हात लावायचा. त्यात तिला कधी संकोच वाटला नाही. बायका तर म्हणत, ताईने चष्मा बसवला की कुणीतरी डोकं दाबून दिल्यासारखं वाटतं.

मग अशा बाईवर इथे येऊन बसायची वेळ का आली? तर एका मोटारीमुळे. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र आहे. कित्येक वर्षं नीट चाललेली त्याची मोटार जळाली. मोटार भरणारा आला, घेऊन गेला, आणि नवी तार गुंडाळून, वार्निशात बुडवून, भट्टीत भाजून परत घेऊन आला. यंत्र सुरू झालं. मोटार तापू लागली तसा वार्निशचा वास दुकानभर पसरला, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानामागे काडी बसवता बसवता ताई रडायला लागली. गृहस्थ घाबरले, त्यांना वाटलं, हिला आपल्या डोळ्यांत काहीतरी भयंकर दिसलं. ताईला बसवलं, पाणी दिलं, पण रडं काही थांबेना. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू झाल्यावर पुन्हा तेच. मालकांनी तिला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सगळं ठणठणीत निघालं. "शरीरात काही नाही. मनातलं कुणाशी तरी बोला," म्हणत त्यांनी या बाईंचा पत्ता दिला. ताईने आधी नाक मुरडलं. पण डोळ्याला डोळा लागेना तेव्हा आली.

आधीच्या दोन खेपांना ती आपला गुडघा, मालकांचा मुलगा आणि दोन वर्षांपूर्वी गेलेली वहिनी यांच्याविषयी बोलली होती. बाईंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. आज चष्मा नीट बसला होता, आता सबब उरली नव्हती.

"मला तसं कधी वाटलंच नाही," ताई एकदम म्हणाली.

"कसं?"

"तसं. बायकांना पुरुषांबद्दल वाटतं तसं." मग घाईघाईने, "बायकांबद्दलही नाही हं. तेही मनाशी तपासून पाहिलंय मी."

बाई हसल्या नाहीत. त्यामुळे ताईला पुढे बोलता आलं.

"मैत्रिणींची लग्नं झाली. नवऱ्यांवरून चिडवाचिडवी चालायची, लाजायच्या काय, कोपरखळ्या काय मारायच्या. मीही हसायचे. कुठे हसायचं ते शिकून घेतलं होतं. पण मनात यायचं, या सगळ्या मिळून माझी थट्टा तर करत नाहीत ना? असं असतं तरी काय त्यात? सगळ्यांनी जेवणाची वर्णनं करावीत आणि आपल्याला भूकच लागू नये, तसं व्हायचं."

"कधी कुणाला विचारलंत?"

"काय विचारणार? भूक कशी लागते म्हणून विचारतं का कोणी? वहिनी म्हणायची, लग्न झालं की सगळं आपोआप होतं. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

बाईंनी मग तिला सांगितलं, की अशी माणसं असतात. त्यांना माया वाटते, ओढ वाटते, कुणाची तरी सोबत हवीशी वाटते. ते एक तेवढं वाटत नाही. मराठीत त्याला अलैंगिक म्हणतात, बरेच जण इंग्रजी शब्दच वापरतात, एसेक्शुअल. हा आजार नाही. कुणाच्या संस्कारांचा दोष नाही. बरं करायचं असं त्यात काही नाही.

"तुम्हीच सांगता ना, कान एका ओळीत कुणाचेच नसतात म्हणून?" बाई म्हणाल्या. "तुम्ही चष्मा वाकवता. कान नाही वाकवत."

"उदाहरण छान दिलंत," ताई म्हणाली. "पण मला इतकी वर्षं वाटत होतं, आपल्याला कानच नाहीत."

दोघी हसल्या. हसता हसता ताईचा चेहरा उतरला.

"शब्द होता तर," ती म्हणाली. "बैल गेला आणि झोपा केला. म्हणजे मग मी नुसतीच खोटं बोलले."

"कुणाशी?"

तेव्हा कुठे तिने वायंडिंगवाल्याची गोष्ट सांगितली.

ताईच्या तरुणपणी दुकानातलं ते यंत्र वरचेवर बंद पडायचं. त्याची मोटार भरायला एक वायंडिंगवाला यायचा. उंच, किडकिडीत, मोजकं बोलणारा. त्याचं स्वतःचं लहानसं वर्कशॉप होतं. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायची. या कामात त्याचा जीव रमायचा. "मेलेली मोटार पुन्हा चालू होते ना, तेव्हा ती आधी खाकरते आणि मग बोलते," असं सांगून तो तसं खाकरून दाखवायचा. ताई पोट धरून हसायची. पुढे पुढे मोटार धड असली तरी "आवाज कसा येतोय बघतो" म्हणून तो चक्कर टाकू लागला. जुने मालक मिशीत हसत. "काय वायंडिंगवाले, मोटार आपोआप जळते, की तुम्हीच जाळून जाता?"

ताईला तो आवडायचा. मनापासून आवडायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं तळ्याकाठी फिरायला जात आणि बोलणं संपायचं नाही. त्याच्या हातांना वार्निशचा वास असायचा, कितीही धुतले तरी. तो दुकानाच्या दारात दिसण्याआधी तो वास आत यायचा, आणि ताईचं मन उगाच प्रसन्न व्हायचं. लग्न करायचं तर याच्याशीच, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. दिवसभराचं बोलणं संध्याकाळी घरी नेऊन पुढे चालू ठेवायचं, एवढंच लग्नाचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर होतं. त्यापुढचं चित्र यायचंच नाही.

दोन्ही घरांत पसंती झाली. तारीख तेवढी ठरायची होती. अशात एका संध्याकाळी ती त्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्याने चिंधीने हात पुसले, जवळ आला, तिचा हात धरून तिला जवळ घेतलं आणि गालाशी तोंड आणलं. ताईचं अंग लाकूड झालं. भीती नव्हती, राग नव्हता. नुसतं नको होतं. सगळ्या अंगाने नको होतं. त्याला ते कळलं. भला माणूस, त्याने तत्काळ हात सोडला आणि मागे सरला. मग स्वतःचा तळवा नाकाशी नेऊन हुंगला.

"वास येतो का गं?" त्याने विचारलं.

ताई काहीच बोलली नाही.

घरी येऊन तिने लग्नाला नकार दिला. आईवडील नव्हते, दादा आणि वहिनी, हेच तिचं घर. दादा चिडला, वहिनी हबकली. मुलगा कमावता, निर्व्यसनी, तुझ्याच पसंतीचा. त्याने काही वावगं केलं का? नाही. दुसरा कोणी आहे का? नाही. मग घोडं पेंड खातंय कुठे? ताईला तेच तर कळत नव्हतं. आपल्यात काहीतरी बिघाड आहे एवढंच तिला वाटत होतं आणि त्याची इतकी लाज वाटत होती, की ती लाज दादासमोर उघडी करण्यापेक्षा मरण बरं. रोज जेवायला बसलं की ताटासोबत तोच प्रश्न समोर यायचा. शेवटी एकदा ती बोलून गेली, "त्याच्या हातांना वास येतो."

वहिनीचा चेहरा लख्ख मोकळा झाला. वास! ही गोष्ट समजण्यासारखी होती. एखादीला नसतो सहन होत. दादानेही सुस्कारा सोडला. दादा म्हणजे सरळ माणूस. निरोप जसाच्या तसा पोचवायचा, पदरचं तिखटमीठ घालायचा नाही आणि असलेलं काढायचाही नाही. तो गेला आणि सांगून आला.

"काय म्हणाला?" ताईने विचारलं.

"काही नाही. बरं म्हणाला."

पुढच्या वेळी मोटार जळाली तेव्हा दुसराच माणूस आला. पहिल्याने वर्कशॉप विकलं होतं आणि एका कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजायची नोकरी धरली होती. "इतका चांगला कारागीर, आणि बसला कापड फाडत," जुने मालक हळहळले. ताईने खाली मान घालून हातातली फ्रेम पुसली. ती पुसलेलीच होती.

नंतरही स्थळं आली. ताईने नाही म्हटलं. लोक म्हणाले, नाकावर माशी बसू देत नाही ही. मग लोक ते म्हणायचेही थांबले.

"आता मला त्याला सांगायचंय," ताई बाईंना म्हणाली. "की त्याच्या हातांचा काही दोष नव्हता."

बाईंनी विचारलं, "हे सांगणं त्यांच्यासाठी आहे, की तुमच्यासाठी?"

"ते नाही कळत."

"मग थोडं थांबा. आधी तुमच्यासारख्या माणसांना भेटा. महिन्यातून एकदा जमतात. बोलतात, चहा पितात. उपदेश कोणी करत नाही."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत ती मंडळी जमायची. ताई जिना चढून गेली तर आत सगळी कोवळी पोरं. एक उंच मुलगी लगबगीने पुढे आली. "या ना काकू. तुम्ही कुणाच्या आई?"

"कुणाचीच नाही," ताई म्हणाली. "मी आपली माझ्याच कामाला आलेय."

मग त्या मुलीने चटकन स्वतःची खुर्ची दिली, आणि कुणीतरी चहाचा कप हातात आणून ठेवला. पोरं मोकळेपणाने बोलत होती. घरचे मुली दाखवतात, काय सांगू. मैत्रीण म्हणते, तुझं प्रेमच नाही. ताई ऐकत राहिली. यातलं वाक्यन् वाक्य तिच्या मनात होतं, फक्त ते मोठ्याने बोलता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्या तरुणपणी ही खोली असती तर, असं तिला वाटून गेलं. कोपऱ्यातला एक चष्मेवाला मुलगा मघापासून तिच्याकडे बघत होता. त्याला स्वतःचं म्हातारपण समोर बसलेलं दिसत असावं.

"कसं असतं, काकू?" त्याने विचारलं. "पुढे?"

काहीतरी दिलासा द्यावा असं तिला फार वाटलं. "एकटं राहायचं फारसं काही वाटत नाही, जमतं ते," ती म्हणाली. "एक मात्र सांगते. कुणाला नाही म्हणायची वेळ आली, तर खरं कारण सांगा. सापडत नसलं, तर सापडत नाही म्हणा. दुसरं काही म्हणू नका." आणि मग, सगळे फारच गंभीर झाले म्हणून, "आणि तू उद्या दुकानात ये. उजवी काडी कानात रुतलीये तुझ्या."

एकाच शहरात राहून एखाद्याला टाळायचं, तर त्याचा पत्ता नीट ठाऊक असावा लागतो. ताईला तो ठाऊक होता. एका रविवारी सकाळी ती त्या गल्लीत गेली, दोन जिने चढली आणि मनात घोकलेलं पुन्हा एकदा घोकून तिने कडी वाजवली.

दार बायकोने उघडलं. गोल चेहऱ्याची, हसऱ्या डोळ्यांची बाई. "अगंबाई! चष्म्याच्या दुकानातल्या ताई ना तुम्ही? माझ्या बहिणीचा चष्मा तुम्हीच केलात. या, या. अहो, कोण आलंय बघा!"

आतून नळाचा आवाज येत होता.

"बसा. यांना वेळ लागेल आता. हात धुतायत." ती हसत समोर बसली. "यांचं हात धुणं म्हणजे काय विचारता! तळं आटेल, पण यांचे हात धुऊन व्हायचे नाहीत. बाहेरून आले धू, जेवायच्या आधी धू, वर्तमानपत्र वाचलं धू. एक साबण आठवडाभर पुरेल तर शपथ."

"पहिल्यापासूनच?" ताईने विचारलं. न विचारता राहवलं नाही.

"लग्न झालं तेव्हापासून! तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हाला म्हणून सांगते." तिने आवाज उतरवला, तरी हसू तसंच होतं. "कित्येक महिने मला हात लावायला बिचकायचे हो. हात पुढे करायचे आणि म्हणायचे, वास येतो का बघ. मी म्हणायचे, कसला वास? साबणाचा येतो! मला आपलं वाटायचं, मीच पसंत नाही की काय यांना. चोरून रडायचेसुद्धा. आता हसू येतं."

ताईला हसू आलं नाही. कुठे हसायचं हे ती एवढं शिकली होती, पण इथे ते जमलं नाही. तिने बोललेलं एक वाक्य दादाने एका घरी पोचवलं होतं, आणि ते तिथून निघून या बाईच्या उशाशी येऊन बसलं होतं. याचा तर तिने कधी विचारच केला नव्हता.

नळ थांबला. टॉवेलने एकेक बोट पुसत तो बाहेर आला. केस पांढरे झालेले, चेहरा भरलेला. हात मात्र धुऊन धुऊन पांढरटलेले, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या. ताईला पाहून तो जागच्या जागी थांबला.

"तू?"

"ओळखता होय तुम्ही?" बायकोने विचारलं.

"यांच्या दुकानातली मोटार भरायचो मी. फार पूर्वी."

"मोटार? तुम्ही?" बायको खो खो हसली. "ऐका हो ताई! साधा फ्यूज गेला तरी माणूस बोलावतात हे. इतकी वर्षं संसार केला, मला हे पत्ताच नाही. थांबा, चहा टाकते, मग सांगा मला सगळं."

ती आत गेली. तो समोरच्या खुर्चीवर बसला. टॉवेल अजून हातातच होता.

"काय काम काढलंत?" त्याने विचारलं. मघाचं 'तू' त्याने सावरून घेतलं होतं.

"तुमच्या हातांना वास येतो, असं मी तेव्हा दादाला सांगितलं होतं."

"हं."

"ते कारण खोटं होतं." घोकलेलं सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं आणि जसं सुचेल तसं ती बोलू लागली. "म्हणजे वास यायचा. वार्निशचा. पण मला तो आवडायचा. तू यायच्या आधी तो यायचा आणि मला इतकं बरं वाटायचं. तुझ्यात काही कमी नव्हतं रे. मला कुणाबद्दलच तसं वाटत नाही. कधीच वाटलं नाही. त्याला शब्द आहे, अशी माणसं असतात, हे मला आत्ता आत्ता कळलं. तेव्हा एवढंच वाटायचं, की माझ्यातच काहीतरी बिघडलंय. ते सांगायची लाज वाटत होती. म्हणून..."

"म्हणून माझे हात दाखवलेस."

"हो."

आत कपबशा वाजल्या. त्याने टॉवेलची घडी घातली.

"शब्द ठाऊक नव्हता, ते समजलं मला," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर ताईला सोपं गेलं असतं. "त्याला तू तरी काय करणार? तुझंही आयुष्य गेलंच की त्यात. पण वास आवडतो, हे तर तेव्हाही ठाऊक होतं ना तुला?"

हा प्रश्न बाईंनी विचारला नव्हता. पोरांनीही विचारला नव्हता. ताईने स्वतःलाही विचारला नव्हता. शब्द सापडल्यापासून तिला वाटत होतं, आता सगळ्याला उत्तर आहे.

"ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मी विचारलं होतं तुला. तिथेच विचारलं होतं. नुसतं नाही म्हटलं असतंस, बाकी काही सांगितलं नसतंस, तरी..." तो थांबला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "मी चांगलं काम करायचो गं."

"माहीत आहे मला."

"चांगलं काम करायचो."

ताईला फार वाटलं की काहीतरी बोलावं. चुकलं म्हणावं, माफ कर म्हणावं. ते शब्द ओठांपर्यंत आले आणि या माणसाच्या भेगाळलेल्या हातांपुढे तिला ते म्हणवेनात. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने काय काय विचारलं, तो हं हं करत राहिला. चहा पिताना त्याचा चष्मा खाली घसरला. त्याने मनगटाने वर ढकलला. पुन्हा घसरला. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वण पडले होते.

"चष्मा कुठे केलात?" ताईने विचारलं.

"स्टेशनकडे. दुसऱ्या दुकानात."

"बघितलंत ना ताई!" बायको म्हणाली. "तुमचं दुकान इतकं जवळ, पण हे तंगड्या तोडत स्टेशनला जाणार!"

"काडी नीट बसवली नाही त्यांनी. द्या इकडे," ताई म्हणाली आणि तिचा हात सवयीने पुढे झाला.

त्याने चष्मा काढला. तिच्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

ताईने चष्मा उचलला. काडीचं टोक आपल्या कपातल्या गरम चहात बुडवलं. बायको हसून म्हणाली, "अय्या, चहात काय!" ताईने ते वाकवलं, रुमालाने पुसलं, दुसऱ्या काडीशी ताडून पाहिलं. त्याचा डावा कान किंचित वर होता. ते तिला अजून आठवत होतं. मग ती त्याच्या डोळ्यांवर चढवायला म्हणून अर्धवट उठली. इतक्या वर्षांत तिने बसवलेला एकही चष्मा गिऱ्हाइकाने स्वतः घातला नव्हता. पण ती तशीच खाली बसली आणि तिने चष्मा होता तिथे टेबलावर ठेवला. त्याने तो घेतला आणि घातला.

"बसला का?"

"बसला."

ती निघाली. बायको दारापर्यंत आली, पुन्हा या म्हणाली, चष्म्याचे किती झाले म्हणून विचारलं. ताईने मानेनेच नको म्हटलं. दार लागलं. ती जिन्याच्या वळणापर्यंत उतरली असेल नसेल, तेवढ्यात वर नळ सुरू झाला.

"अहो, आत्ताच तर धुतलेत!" बायकोचा आवाज आला.

पाणी वाहतच राहिलं. खालून पिशव्या घेऊन कुणीतरी वर येत होतं. ताईने भिंतीला टेकून त्यांना वाट दिली. आता थांबेल, मग आपण उतरू, असं म्हणत कठड्यावर हात ठेवून ती तिथेच उभी राहिली.